संशोधनाचा प्रश्न जिल्ह्यातच शोधा

बी.एस्सी. किंवा एम.ए.चं शेवटचं वर्ष आलं की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातली मुलंमुली विचारू लागतात, ‘संशोधन करायचंय, कोणता विषय घेऊ?’ मग कुणीतरी पुण्या-हैदराबादेत सध्या चलती असलेला विषय सुचवतं, मुलगा तो घेतो आणि पुढची दोन वर्षं दुसऱ्यांच्या निबंधांचे सारांश लिहिण्यात घालवतो. माझा सल्ला वेगळा आहे. विषय ठरवायची घाई करू नका. आधी एक प्रश्न धरा आणि तो रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीतून उचला. तो गणिताचा निघेल की रसायनशास्त्राचा, अर्थशास्त्राचा की आरेखनाचा, हे त्याच्या मागे गेल्यावर कळेल. बहुतेक वेळा तो एकापेक्षा जास्त शास्त्रांत शिरतो. तिथे मात्र घाबरून मागे फिरायचं नाही.

विद्याशाखांच्या भिंती आपण समजतो तितक्या जुन्या नाहीत, हे सांगणारा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच भागात आहे. कलबुर्गीहून सेडमकडे निघालं की कागिणा नदीच्या काठी मळखेड लागतं. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि आरंभी त्या राजाचा गौरव केला. त्याआधी गणित बहुधा ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत एखाद-दोन अध्यायांपुरतं यायचं; हा ग्रंथ मात्र संपूर्णपणे गणिताला वाहिलेला आहे. असं असूनही, गणिताची थोरवी सांगताना महावीराचार्य ती एकट्या गणितापुरती ठेवत नाहीत. अर्थशास्त्र, संगीत, नाटक, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, छंद, व्याकरण, तर्क या सगळ्यांत गणिताचं काम पडतं, असं ते म्हणतात. आत व्याजाची, भागीदारीची, सोन्याच्या कसाची उदाहरणं आहेत. गुणाकारातून हारासारख्या दिसणाऱ्या संख्याही आहेत: १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१, आणि १,५२,२०७ गुणिले ७३ म्हणजे आठ वेळा १.

हा ग्रंथ मिळवणं अवघड नाही. रंगाचार्यांनी मूळ संस्कृत आणि इंग्रजी अनुवाद १९१२ साली मद्रासहून काढला. तो आता कुठल्याही फोनवर फुकट वाचता येतो. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद १९६३ साली थेट आपल्या शेजारच्या सोलापुरातून निघाला आणि पद्मावतम्मांचा कन्नड अनुवाद २०००मध्ये आला. गणिताच्या विद्यार्थ्याने सुरुवात इथूनच करावी, असं मी आग्रहाने सांगेन. ग्रंथाची पूजा करायची नाही आणि त्याला जुनापुराणा म्हणून बाजूलाही सारायचं नाही. प्रत्येक नियम मोजून तपासायचा.

उदाहरणार्थ, लांबट वर्तुळाचा, म्हणजे आजच्या भाषेत लंबवर्तुळाचा, त्यांचा नियम घ्या. रुंदीच्या वर्गाची सहापट करा, लांबीच्या दुपटीचा वर्ग तिच्यात मिळवा आणि बेरजेचं वर्गमूळ काढा, की परीघ मिळतो. परिघाला रुंदीच्या चौथ्या हिश्शाने गुणलं की क्षेत्रफळ. आता लांबी ६ आणि रुंदी २ धरून करून बघा. परीघ येतो १२.९६, खरा सुमारे १३.३६. म्हणजे चूक तीन टक्क्यांच्या आसपास, आणि अकराशे वर्षांपूर्वीच्या नियमाला हे फार चांगलं आहे. क्षेत्रफळ मात्र येतं ६.४८, आणि खरं आहे ९.४२. एकाच श्लोकातला पहिला अर्धा इतका नेमका आणि दुसरा इतका दूर का? वर्तुळाला लागू पडणारी रीत त्यांनी लांबट आकृतीवर तशीच नेली का? आकृती किती लांबट असेपर्यंत ही चूक दहा टक्क्यांच्या आत राहते? पुठ्ठा, दोन टाचण्या, दोरा आणि आलेखाचा कागद एवढ्या सामानावर बारावीचा विद्यार्थीही या प्रश्नाला हात घालू शकतो. त्याने काढलेलं उत्तर हे खरंखुरं संशोधन असेल, मग त्याला पदवी मिळो वा न मिळो.

आता दुसरं उदाहरण घेतो. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण चारही शास्त्रं एकाच वस्तूत इतकी घट्ट बसलेली मला दुसरीकडे दिसलेली नाहीत. ती वस्तू म्हणजे बिदरी.

बिदरीचं भांडं जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं मिसळलेलं. वाळूच्या साच्यात ते ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे खोदाई उठून दिसते. मग कलमांनी नक्षी खोदायची, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तारेचं काम ती तारकशी, पत्र्याचं ते तहनिशान. शेवटी भांडं मंद गरम करून त्याला किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात. जस्ताचा पृष्ठभाग कायमचा काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. ही कला बहमनी राजवटीपासून इथे रुजली आणि २००६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

रसायनशास्त्राचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारेल: काळं होतं ते नेमकं कशाने? उस्ताद सांगतात, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती लागते. लंडनच्या संग्रहालयांतली जुनी भांडी सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन यांनी प्रयोगशाळेत तपासली आणि १९८७ साली त्यावर निबंध लिहिला. मिश्रधातूतल्या थोड्याशा तांब्याचं महत्त्व तिथे पुढे आलं. तुम्ही हा प्रयोग स्वतः मांडू शकता. तांब्याचं प्रमाण शून्य, दोन, चार, सहा, आठ टक्के ठेवून बोटभर पट्ट्या ओतून घ्या. प्रत्येक प्रमाणाच्या तीन पट्ट्या करा आणि एकीला उस्तादांकडची माती, दुसरीला शेतातली माती, तिसरीला मातीऐवजी सोरा वापरा. नवसागर, तापमान आणि वेळ सगळ्यांना सारखी. पट्ट्यांवर फक्त क्रमांक टाका आणि उस्तादांना कोणती पट्टी कशाची ते न सांगता काळेपणाचा क्रम लावायला सांगा. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या डोळ्याला जे कळतं ते कॅमेऱ्याला कळतं का, हे त्यातून तपासता येईल.

दोन गोष्टींची काळजी घ्या. वितळलेल्या जस्ताचा धूर विषारी असतो, म्हणून ओतकाम कारखान्यात उस्तादांकडूनच करून घ्या आणि नवसागर तापवायचा तो धूर ओढून घेणाऱ्या कपाटात. दुसरं, बिदरचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे कुदळ चालवायची नाही. चिमूटभर माती कारागिराकडून मागून घेतली की प्रयोगाचं भागतं.

त्याच भांड्याच्या काठावरची नक्षी गणिताच्या विद्यार्थ्याची. सरळ पट्टीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने सातच प्रकार होऊ शकतात आणि सपाट पृष्ठभागभर पसरणाऱ्या नक्षीचे सतरा. ही गोष्ट गणिताने सिद्ध केलेली आहे. बिदरीच्या काठांवर त्या सातांपैकी किती सापडतात? कोणता मुळीच सापडत नाही, आणि का? हैदराबादचं सालारजंग आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांत जुनी बिदरी आहे. तिची छायाचित्रं मिळवून आजच्या कामाशी ताडून बघा. सोबत रंगीन महाल आणि महमूद गवानाच्या १४७२च्या मदरशावरचं टाइलकाम घ्या. भिंतीवरची नक्षी भांड्यावर उतरली का, हा मग इतिहासाचाही प्रश्न होतो.

अर्थशास्त्राचा प्रश्न मला यांतला सर्वांत मोलाचा वाटतो. चांदीचा भाव चढला की कारागीर काय करतो? तार बारीक करतो, बुट्टी लहान करतो, की काळी जागा जास्त सोडतो? की भांडंच लहान करतो? वेगवेगळ्या वर्षांच्या भांड्यांची समोरून, एकाच उजेडात छायाचित्रं काढा. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांची मोजणी करून पृष्ठभागाचा कितवा हिस्सा चांदीचा आहे ते सांगतं. तो आकडा आणि त्या वर्षीचा चांदीचा भाव शेजारी शेजारी मांडा. बाजार नक्षीचा आकार कसा बदलतो, हे तुमच्यासमोर कागदावर येईल. आरेखनाचा विद्यार्थी तिथून पुढे जाऊ शकतो: चांदी कमी करूनही अशर्फी बुट्टीचा भरीवपणा टिकेल अशी मांडणी कशी करायची? हे काम कारागिरासोबत बसून करा. त्याला नमुने नेऊन देऊन मोकळं व्हायचं, अशी पद्धत मला मान्य नाही.

बिदरीसारखंच बिदरजवळच्या नौबादच्या करेझचं. जांभ्या दगडाच्या पठाराखालून पाणी वाहून आणणारा हा पंधराव्या शतकातला बोगदा केरळातल्या एका सरकारी महाविद्यालयाचे भूगोलाचे अध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी येऊन शोधला, मोजला, नकाशावर आणला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या हुणसगी खोऱ्यात वर्षानुवर्षं पायी फिरून अश्मयुगीन माणसाच्या वस्त्या शोधल्या. त्यांतल्या इसमपूरच्या जागेचं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं. बाहेरच्यांना इथे येऊन जे सापडलं, ते इथल्या पोरांना सापडायला काहीच आडकाठी नाही. उलट त्यांना मुक्कामाचा खर्चही नाही.

आता तूर. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली मानांकन मिळालं आणि आळंदपासून औरादपर्यंत घराघराचं वर्षाचं गणित तुरीवर चालतं. तुरीच्या मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते. त्या रोगाला दाद न देणारा ‘मारुती’ हा वाण पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतून आला आणि १९८६ साली कर्नाटकासाठी प्रसारित झाला. तो किती शेतकऱ्यांनी घेतला आणि संशोधनावरचा खर्च वसूल झाला का, याचा हिशेब त्याच संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी १९९६मध्ये प्रसिद्ध केला. वनस्पतिरोगशास्त्र आणि अर्थशास्त्र एका कामात कसं येतं, हे बघायला तो अहवाल मिळवून वाचा. नंतर स्वतःचा लहान प्रश्न मांडा: सीमेवरच्या गावातला शेतकरी तूर लातूरला नेतो की कलबुर्गीला, आणि कधी कुठे? ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. पण शेतकऱ्याच्या हातात खरोखर काय पडलं ते आडत्याच्या पट्टीवरच कळतं, कारण हमाली, तोलाई, ओलाव्याची कपात तिथे लिहिलेली असते. गावातल्या वीस-पंचवीस घरांच्या दोन हंगामांच्या पट्ट्या बघायला मिळाल्या तर तुमच्याकडे सहजी कुणाला न मिळणारी माहिती आली. पट्टी मागताना कशासाठी हवी ते स्पष्ट सांगा, नाव-गाव छापणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा.

जिल्ह्यांच्या आकडेवारीत इथे काही सापळे आहेत, ते बाहेरचा मार्गदर्शक सांगेलच असं नाही. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचा बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात आले. म्हणजे १९५१च्या जनगणनेतलं बिदर आणि १९६१च्या जनगणनेतलं बिदर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. सीमेपलीकडची तुलना करताना लक्षात ठेवा की लातूर जिल्हा १९८२चा आहे. त्याआधीचे आकडे उस्मानाबादच्या नावावर मिळतील. डिसेंबर २००९च्या अखेरीस यादगीर वेगळा झाला. त्या वर्षापुढे गुलबर्ग्याचं तुरीचं क्षेत्र एकदम घसरलेलं दिसतं, ते दुष्काळाने घसरलेलं नसतं. २०१४मध्ये गुलबर्ग्याचं अधिकृत नाव कलबुर्गी झालं, म्हणून शोध घेताना दोन्ही नावं टाका. शक्य तिथे जिल्ह्याऐवजी तालुक्याचे आकडे घ्या. मात्र कमलनगर, हुलसूर, चिटगुप्पा हे तालुकेही अलीकडचे आहेत, तेव्हा तिथेही जुन्या-नव्या हद्दी ताडून घ्याव्या लागतील.

आपल्याकडचं सर्वांत मोठं भांडवल मी मुद्दाम उशिरा सांगतोय. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, बाजूच्या जिल्ह्यात तेलुगू. चार भाषा कानावर पडत वाढलेला संशोधक मोठ्या विद्यापीठांनाही सहज मिळत नाही. निजामाच्या काळचे अनेक सरकारी कागद उर्दूत आहेत आणि हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. देशमुख-देशपांड्यांच्या घरचे अनेक कागद मोडीत आहेत. मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावाने वाचता येते. उर्दू लिपीला थोडा जास्त वेळ द्या. याझदानींचा बिदरवरचा १९४७चा ग्रंथ आधी वाचा, मग मूळ कागदांकडे जा. मुलाखत घेताना माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत त्याचं वाक्य वहीत उतरवा, भाषांतर शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा. उस्तादाने काळ्या रंगासाठी वापरलेले तीन शब्द तुम्ही एकाच मराठी शब्दात गुंडाळलेत, तर त्याला दिसणारा फरक तुमच्या माहितीतून कायमचा गेला.

एका शास्त्राची रीत दुसऱ्यात कशी न्यावी, याचा मला सर्वांत आवडणारा नमुना दामोदर धर्मानंद कोसंबींचा आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी मूळचे गणिती. चलनात फिरणारं नाणं झिजतं, हलकं होतं, एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचे ढीग तराजूवर एकेक करून तोलले आणि संख्याशास्त्राने त्यांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. अनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाचं १९४४चं सूत्र आजही वापरात आहे. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे की दुसऱ्या क्षेत्रात जाताना आपलं मूळ हत्यार पक्कं असावं लागतं. म्हणून एका शास्त्रात तरी पाया भक्कम करा. चारही विषयांचं थोडं थोडं वाचून चालणार नाही. उरलेल्या शास्त्रांसाठी माणसं जोडा: गणिताची मुलगी, रसायनाचा मुलगा आणि बी.कॉम.वाला असे तिघं एकाच बिदरीच्या सुरईभोवती बसले तर काम लवकर आणि चांगलं होतं.

औपचारिक वाटेबद्दल थोडक्यात. गुलबर्गा विद्यापीठ १९८०पासून आहे. आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ २००९मध्ये आलं. पशुविज्ञानाचं विद्यापीठ बिदरलाच आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी किंवा तितक्याच श्रेणीने पूर्ण केली असेल, तर एम.ए.-एम.एस्सी.शिवायही पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत बसता येतं, आणि २०२४पासून नेटचे गुण त्या प्रवेशासाठी धरले जातात. घटनेच्या ३७१जे कलमाखाली कल्याण कर्नाटकातल्या स्थानिकांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा आहेत. त्यांचं पात्रता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव होते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या हाताखालच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचून ठरवा. शोधगंगा या संकेतस्थळावर ते पूर्ण मिळतात. प्रबंधात स्वतः गोळा केलेली माहिती किती आणि उसनी किती, हे पन्नास पानांत लक्षात येतं.

नियतकालिकांसाठी पैसे भरायची गरज नाही. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी संस्थांना सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिकं उघडी झाली आहेत. आपल्या महाविद्यालयाची नोंद झाली आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. झाली नसेल तर विद्यार्थ्यांनी मिळून लेखी मागणी करा. गणित आणि भौतिकशास्त्राचे ताजे निबंध आर्काइव्ह या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. शास्त्रीय संज्ञा मराठीत समजून घ्यायच्या तर वाईचा मराठी विश्वकोश आहेच.

छापण्याच्या बाबतीत मात्र फार सावध राहा. ‘आठ दिवसांत प्रसिद्धी, फक्त अमुक हजार रुपये’ असा संदेश फोनवर आला की तो पुसून टाका. यूजीसीने स्वतःची ‘केअर’ यादी २०२५च्या सुरुवातीला बंद केली आहे, तेव्हा यादीत नाव आहे असं सांगून पैसे मागणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. नियतकालिक खरं आहे का, हे ओळखायचं असेल तर त्यातले मागच्या वर्षीचे तीन निबंध पूर्ण वाचा आणि ते तपासणाऱ्यांनी काही सुधारणा करायला लावल्या होत्या का, हे लेखकांना पत्र पाठवून विचारा. लिहिलेला निबंध पाठवण्याआधी त्याचा दोन पानांचा मराठी आणि कन्नड सारांश करा आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना वाचून दाखवा. मोजमापात किंवा शब्दात चूक असेल तर उस्ताद आणि आडत्या ती तिथल्या तिथे सांगतात, आणि ती दुरुस्ती तुमच्या अंतिम मसुद्यात वेळेवर जाते.